‘पट्टा’ आणि ‘घाट’ : कोकणच्या दळणवळणविषयक परिभाषेची चिकित्सा

किनाऱ्यावरील औद्योगिक विकासासंबंधीच्या मराठी लेखनात ‘कॉरिडॉर’ या शब्दासाठी ‘पट्टा’ हा पर्याय बहुधा योजला जातो. भाषांतर म्हणून तो सुटसुटीत आहे. परंतु परिभाषा पुष्कळदा विचाराची दिशाही ठरवून टाकते. आणि कोकणच्या बाबतीत हा पर्याय तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘कॉरिडॉर’ म्हणजे मुळात वास्तूमधील लांबट वाट, जिच्या अंगाला दालनांची दारे उघडतात. या दारांमुळेच त्या वाटेला प्रयोजन प्राप्त होते. ‘पट्टा’ या शब्दात लांबी आहे, दोन कडा आहेत. दारांची कल्पना मात्र नाही. शब्दांतरात हरवलेली ही दारे प्रत्यक्ष नियोजनातही हरवली आहेत काय, हा येथील मुख्य प्रश्न होय.

कोकणात आजवर झालेली मोठी कामे लांबीची आहेत. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर धावणारी कोकण रेल्वे १९९८ साली सलग सुरू झाली. मालाने भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून कोलाडहून वेर्ण्यास नेण्याची कल्पक सोय १९९९ मध्ये आली. मुंबई–गोवा महामार्गाचे दीर्घकाळ रेंगाळलेले चौपदरीकरणही याच दिशेचे. या कामांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, या वाटांवरील पुष्कळसा माल कोकणातून जातो; तो कोकणात उतरत नाही, की कोकणात चढतही नाही.

याउलट कोकणची स्वतःची शब्दसंपत्ती आडव्या वाटांची साक्ष देते. ‘खाडी’, ‘बंदर’, ‘घाट’, ‘घाटमाथा’, ‘देश’ हे शब्द ओळीने ठेवले, तर समुद्राकडून पठाराकडे जाणारा मार्गच डोळ्यांपुढे उभा राहतो. महाड, चिपळूण, राजापूर ही जुनी व्यापारी ठिकाणे उघड्या समुद्रावर वसलेली नाहीत. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत जितके आत येऊ शकेल तितके आत, घाटाच्या पायथ्याकडे सरकून ती वसली. महाडच्या मागे वरंधा, चिपळूणच्या मागे कुंभार्ली, राजापूरच्या मागे अणुस्कुरा. बंदर आणि घाट अशी ही जोडी होती. ज्या पर्वतरांगेला आज जग पश्चिम घाट म्हणून ओळखते, तिला ते नाव तिच्यातून जाणाऱ्या वाटांवरून मिळाले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

या जोडीचा आजचा ताळेबंद समाधानकारक नाही. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग आणि दक्षिणेस कुळे–कॅसलरॉक हा लोहमार्ग, या दोहोंच्या दरम्यान सह्याद्री ओलांडणारा एकही रेल्वेमार्ग नाही. चिपळूण–कऱ्हाड आणि वैभववाडी–कोल्हापूर हे जोडमार्ग वर्षानुवर्षे कागदावर वावरत आहेत. कोल्हापूरपासून रत्नागिरीचा किनारा आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर. तरीही तेथील फौंड्रीतील निर्यातीचा माल मुख्यतः न्हावा-शेव्याची, म्हणजे जवळजवळ तिप्पट अंतराची, वाट धरतो. जयगडला खोल पाण्याचे बंदर आहे, पण बंदराच्या पाठीशी घाट नसेल तर त्याचा पृष्ठप्रदेश कारखान्याच्या कुंपणापाशीच संपतो.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. सह्याद्रीतून लोहमार्ग नेणे अतिशय खर्चाचे आहे. दरडींचे भय आहे. आणि २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या या रांगेतील काही अरण्यांवर होणारा आघात भरून येणारा नाही. हा आक्षेप नाकारता येत नाही. शब्दाच्या चिकित्सेने अभियांत्रिकीचे वा पर्यावरणाचे प्रश्न सुटतात, असा दावा कोणी करू नये. परंतु ‘पट्टा’ म्हटल्याने हे प्रश्न सुटत नाहीत. ते विचारलेच जात नाहीत. घाट नको असे विचारपूर्वक ठरविणे वेगळे आणि घाटाचा विसर पडणे वेगळे.

‘दळणवळण’ हा शब्द येथे कसोटी म्हणून उपयोगी पडतो. ‘वाहतूक’ म्हणजे वाहून नेणे. ती एकेरीही असू शकते. ‘दळणवळण’ या शब्दात मात्र परस्परांशी येणेजाणे आणि व्यवहार अभिप्रेत आहे. मालवाहतुकीच्या अर्थशास्त्रातही हा भेद खरा ठरतो: परतीचा माल न मिळालेला ट्रक रिकाम्या फेरीचा खर्च जातानाच्या मालावर लादतो. २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या औद्योगिक केंद्रांत राजपुरी खाडीवरील दिघीचा समावेश आहे. अशा प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारावेत. या बंदराचा घाट कोणता? त्या घाटावरची पेठ कोणती? आणि परतीच्या फेरीत कोकणातून काय चढणार? या तिन्हींची उत्तरे ज्या आराखड्यात सापडतील, त्यालाच दळणवळणाचा आराखडा म्हणणे युक्त होईल. एरवी तो केवळ रस्त्याचा नकाशा राहील.