निरुत्तर संबोधन : न जोडलेल्या दूरध्वनीच्या निमित्ताने

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील ओत्सुची या गावी इतारू सासाकी यांनी २०१० साली, एका नातलगाच्या मृत्यूच्या दुःखातून, आपल्या बागेत काचेचा एक टेलिफोन बूथ उभारला. आतील काळ्या दूरध्वनीची तार कोठेही जोडलेली नाही. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने हे गाव उद्ध्वस्त केल्यानंतर आप्तांना मुकलेले लोक तेथे येऊ लागले. बंद पडलेले नंबर फिरवून ते बोलतात आणि रिसीव्हर ठेवून परततात. 'वाऱ्याचा दूरध्वनी' या नावाने तो ओळखला जातो.

या वर्तनास आत्मवंचना म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. तार तुटलेली आहे, हे बोलणाऱ्यास ठाऊक असते. तेव्हा या ज्ञानाला न जुमानता दिलासा मिळतो, की या ज्ञानामुळेच मिळतो, हा खरा प्रश्न होय.

रोमान याकबसन यांनी १९६० साली मांडलेल्या संज्ञापनाच्या सहा घटकांत 'संपर्क' हा एक घटक आहे. 'हॅलो' हा उद्गार संपर्क अबाधित असल्याची खात्री करून घेण्यासाठी असतो. ओत्सुचीच्या बूथमधील 'हॅलो'ला मात्र अशी खात्री नकोच असते. संपर्क वजा झाल्यावरही येथे संबोधन उरते. भाषेतील 'तू' हे स्थान समोरच्याच्या उपस्थितीवर अवलंबून नसते, हे त्यातून स्पष्ट होते. जोनाथन कलर यांनी १९७७ सालच्या 'ॲपॉस्ट्रफी' या निबंधात काव्यातील अनुपस्थितांना उद्देशून केलेल्या संबोधनांमुळे समीक्षक संकोचतात, असे निदर्शनास आणले होते. दूरध्वनीचे उपकरण हा संकोच दूर करते. एरवी एकट्याने मोठ्याने बोलणे विपरीत ठरले असते. रिसीव्हर हाती येताच त्यास रूढ वाग्व्यवहाराचे रूप प्राप्त होते.

झाँ कॉक्तो यांच्या १९३० सालच्या 'ला व्हॉई ह्यूमेन' या एकपात्री नाटकाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तेथे स्त्री दुरावलेल्या प्रियकराशी बोलते आणि लाइन वारंवार तुटते. तिच्या यातनेचे मूळ लाइन जिवंत असण्यात आहे: उत्तर येऊ शकते, म्हणूनच त्याचे न येणे जिव्हारी लागते. तुटलेली तार कोणाचीही निराशा करू शकत नाही. तो दूरध्वनी कधी वाजणारही नाही; म्हणजे त्यावरून नवी दुर्वार्ताही येणार नाही.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद अपेक्षेच्या निकषावर केला आहे. करुण निरपेक्ष असतो, विप्रलंभ सापेक्ष. एकात पुनर्मीलनाची आशा संपलेली असते, दुसऱ्यात ती शिल्लक असते. त्या आपत्तीतील सुमारे २,५०० व्यक्ती आजही बेपत्ता म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांच्या आप्तांच्या बाबतीत हा भेदच डळमळतो. आशा धरावी तर मृत्यू नाकारल्यासारखे होते. सोडावी तर माणूस दुसऱ्यांदा गमावल्यासारखे होते. न जोडलेला दूरध्वनी हा निवाडा मागत नाही. त्याच्याशी बोलताना भाव करुणाचा आणि वाक्यरचना विप्रलंभाची राहू शकते.

मृतांचा आवाज कृत्रिमरीत्या घडवून उत्तरे देणारी यंत्रणा आज उपलब्ध असताना या भेदाचे महत्त्व वाढते. ती यंत्रणा उत्तराची रिकामी जागा भरून काढते. पण त्या भरपाईत मृताच्या मौनावरच अतिक्रमण होते, कारण त्याने न उच्चारलेले शब्द त्याच्या तोंडी घातले जातात. वाऱ्याचा दूरध्वनी असे काही करीत नाही. दुसऱ्या टोकाचे मौन तो तसेच राहू देतो. अनुत्तरित संबोधनाला अपयशी संज्ञापन मानणाऱ्या समीक्षेने आपली गृहीतके येथे तपासून पाहावयास हवीत. उत्तर न मिळणे हीच काही वेळा संबोधिताच्या अन्यत्वाची राखलेली बूज असते.