'सति'चे मापन आणि बाणांची दिशा

मानसशास्त्रीय संशोधनात 'स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग' या नावाने ओळखली जाणारी सांख्यिकी पद्धती आता इतकी रूढ झाली आहे की, वर्तुळे, चौकोन व त्यांना जोडणारे बाण यांची आकृती नसलेला प्रबंध अपुरा वाटावा. मराठीत तिला 'संरचनात्मक समीकरण-प्रतिमान' म्हणता येईल. पालिच्या अभ्यासकाचा या पद्धतीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की, त्यातील एका वर्तुळात 'सति' हा शब्द 'माइंडफुलनेस' या इंग्रजी वेषात जाऊन बसला आहे. तेथून निघालेले बाण कधी चित्ताच्या समतेकडे, कधी निर्णयक्षमतेकडे वळविलेले असतात. आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या प्रबंधांतही ही आकृती दिसू लागली आहे. तिपिटकातील संज्ञेविषयी संख्येच्या बळावर विधाने होत असतील, तर ती तपासणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पद्धतीचे दोन भाग आहेत. पहिला मापनाचा. जे प्रत्यक्ष दिसत नाही, त्याला 'सुप्त चल' म्हणतात. प्रश्नावलीतील अनेक उत्तरे एकमेकांशी जुळून चढत-उतरत असतील, तर त्यांच्या मागे असा एक सुप्त चल आहे असे मानले जाते. ही कल्पना १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी 'सामान्य बुद्धिमत्ते'साठी मांडली. त्या कल्पित घटकाला पुढे सत्य वस्तू मानून मानवसमूहांची उच्चनीच उतरंड रचण्याचे उद्योग झाले. जन्मावरून योग्यता ठरविणाऱ्या व्यवस्थेचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना त्यातील धोका वेगळा सांगावयास नको. दुसरा भाग कारणसंबंधांचा. तो स्यूअल राइट या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाच्या 'पथ-विश्लेषणा'तून आला. हे दोन प्रवाह १९७० च्या दशकात कार्ल योरेस्कोग यांनी 'लिसरेल' या संगणक-कार्यक्रमात एकत्र आणले. राइट यांनी ही रीत गिनीपिगच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांसाठी वापरली, आणि तेथे कोणता प्राणी कोणापासून जन्मला हे आधीच ठाऊक होते. म्हणजे बाणाची दिशा वंशावळीने दिली होती, समीकरणाने नव्हे. केवळ सहसंबंधांतून कारण हुडकून काढण्याची ही युक्ती नाही, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. त्यांच्या अनुयायांना नेमका याचाच विसर पडलेला दिसतो.

आता 'सति'कडे वळू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' योजला, तेव्हा त्याची प्रश्नावली होईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. २००६ साली रूथ बेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या पाच प्रश्नावल्यांतील ११२ विधाने एकत्र करून ६१३ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. घटक-विश्लेषणाने त्यांतून ३९ विधाने निवडली व पाच पैलू ठरविले: निरीक्षण, शब्दांत मांडणे, जाणीवपूर्वक कृती, आंतरिक अनुभवाविषयी निर्णय न देणे आणि प्रतिक्रिया न देणे. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मापन्यांत ही गणली जाते.

या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातील अपयश, आणि ते न लपविल्याबद्दल आम्ही लेखकांचे मनापासून कौतुक करतो. सामान्य विद्यार्थ्यांच्या नमुन्यात 'निरीक्षण' हा पैलू एकूण 'माइंडफुलनेस'च्या छत्राखाली बसेना. उरलेले चारच बसले. ज्यांना ध्यानाचा काही अनुभव होता त्यांच्यात मात्र पाचही बसले. संख्याशास्त्रज्ञाला ही नमुन्याची अडचण वाटेल. अभिधम्माच्या वाचकाला ती तशी वाटणार नाही. 'अभिधम्मत्थसंगहा'त ५२ चेतसिकांपैकी 'मनसिकार' हा प्रत्येक चित्तात असणाऱ्या सात चेतसिकांत येतो, तर 'सति' २५ सोभन चेतसिकांत. स्नान करताना अंगावरील पाण्याच्या स्पर्शाकडे लक्ष जाणे हा मनसिकार आहे. चोराचेही लक्ष कुलपाकडे असते! सति ही बुद्धघोषाच्या उपमेप्रमाणे द्वारपाल आहे. कोणाला आत घ्यावे व कोणाला नाही, हे ती जाणते. 'मिलिन्दपञ्हा'त नागसेनही हित आणि अहित धर्मांचे स्मरण करून देणे व हिताचे ग्रहण करविणे हेच तिचे लक्षण सांगतो. तेव्हा साधना न केलेल्याच्या 'निरीक्षणा'त जे मोजले गेले ते मनसिकार असावे, किंवा क्वचित चिंताग्रस्ताचे स्वतःच्या देहावर खिळलेले लक्षही असावे. समीकरणाला हे सांगता येत नाही. वर्तुळात नाव संशोधक लिहितो. आकडे फक्त उत्तरे एकत्र चालतात एवढेच सांगतात. मिलिन्दाच्या रथाप्रमाणे तेथेही चाके, आस, दांडी आहेत, आणि 'रथ' ही प्रज्ञप्ती आहे. प्रज्ञप्ती निरुपयोगी नसते, पण तिला परमार्थ समजू नये.

दुसरा आक्षेप बाणांविषयी आहे आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. समजा एखाद्याने आकृती काढली: सतिमुळे समता, समतेमुळे योग्य निर्णय. तीनही गोष्टी एकाच दिवशी, एकाच व्यक्तीने भरलेल्या एकाच प्रश्नावलीतून आल्या. 'प्रतिमान जुळले' असा निकाल लागला, १९९९ साली हू व बेंटलर यांनी सुचविलेल्या मर्यादाही पाळल्या गेल्या. आता बाण उलटे करा: योग्य निर्णयामुळे समता, समतेमुळे सति. किंवा समता मध्ये ठेवून तिच्यापासूनच दोन्हींकडे बाण सोडा. तिन्ही प्रतिमाने त्याच आकड्यांशी अगदी सारखीच जुळतात, दशांशाचाही फरक पडत नाही. त्यांना 'समतुल्य प्रतिमाने' म्हणतात आणि ही गोष्ट त्या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतच आहे. असे असता निष्कर्षात 'सतिमुळे निर्णयक्षमता वाढते' हे वाक्य कोठून येते? ते संशोधकाच्या श्रद्धेतून येते, आणि आपल्या धम्माच्या बाजूचे आहे म्हणून आपण ते मुकाट्याने स्वीकारतो. कालामांना केलेला उपदेश आपल्या सोयीच्या आकड्यांनाही लागू आहे.

'पट्ठाना'त २४ प्रत्ययांची गणना आहे. त्यांत आधी जन्मलेले कारण, सहजात कारण, नंतर जन्मून आधीच्याला आधार देणारे कारण आणि अन्योन्य कारण यांत स्पष्ट भेद केला आहे. याचा अर्थ प्राचीन भिक्खूंना हे समीकरण माहीत होते, असा कोणी लावू नये. असल्या अभिमानाने आपले हसे होते. अर्थ एवढाच की, काळाचा क्रम न पाहता 'कारण' हा शब्द उच्चारू नये, ही शिस्त आपल्या परंपरेस अपरिचित नाही. एकाच वेळच्या माहितीवरून 'मध्यस्थ' कारण काढल्यास उत्तर मोठ्या प्रमाणात चुकू शकते, हे मॅक्सवेल व कोल यांनी २००७ साली गणिताने दाखविले आहे. त्याच व्यक्तींचे ठरावीक अंतराने अनेकदा मापन करणे, अथवा प्रत्यक्ष प्रयोग करणे, हे मार्ग खर्चिक असले तरी उपलब्ध आहेत.

ही पद्धत टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. मापनातील चूक वेगळी काढून संबंध तपासण्याची तिची शक्ती मोठी आहे, आणि 'निरीक्षणा'चे ते अपयश तिच्यामुळेच उघड झाले. भांडण आहे ते आशयाशी. 'निर्णय न देणे' या पैलूतील विधाने पाहा. माझे काही विचार वाईट आहेत, तसा विचार मी करू नये, असे जो मान्य करील त्याचे गुण कमी होतात. मज्झिम निकायातील 'द्वेधावितक्क सुत्ता'त बोधिसत्त्व स्वतःच्या विचारांचे कुशल व अकुशल असे दोन भाग करतो आणि अकुशलाला थारा देत नाही. 'प्रतिक्रिया न देणे' या पैलूचेही तेच. क्षोभ पाहून तो सरू देणे निराळे आणि अन्याय पाहून गप्प राहणे निराळे, हा भेद उत्तर लिहिणारा करतोच असे नाही. १९२७ साली चवदार तळ्याकडे निघालेल्यांच्या हाती ही प्रश्नावली दिली असती, तर त्यांचे गुण काय आले असते? त्यांचा निर्णय दीर्घ विचाराअंती झालेला, संयमाने पार पाडलेला होता, आणि तरी तो अपमानाची जाणीव पुसून झालेला नव्हता. या विधानांची मराठी रूपांतरे वापरणाऱ्या अभ्यासकांनी प्रथम पंचशील पाळणाऱ्या शंभर उपासक-उपासिकांना प्रत्येक विधानाचा त्यांना लागलेला अर्थ विचारावा, तो लिहून घ्यावा, आणि मगच संगणकाकडे जावे.