पन्नास मेगापिक्सेल कोणासाठी?

साधनाच्या किमतीवरून कामाची किंमत ठरविण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. लग्नाचे शूटिंग करणारा तरुण असो की लघुपट करू पाहणारा, त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कॅमेरा कोणता?’ हाच. काय टिपले, हा प्रश्न नंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. म्हणूनच फोटो आणि व्हिडिओ ही दोन्ही कामे एकाच यंत्रात करून देतो म्हणणारे जे उंची मिररलेस कॅमेरे बाजारात आहेत, त्यांची समीक्षा एखाद्या ग्रंथाइतक्याच कठोरपणे व्हावयास हवी. केवळ व्हिडिओवर पोट भरणाऱ्याने त्यासाठी हप्ते अंगावर घ्यावेत काय, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

वास्तविक या जातीच्या कॅमेऱ्याचा जन्म गरिबाच्या बाजूने झाला होता. २००८ साली निकॉनच्या डी-९० आणि कॅननच्या ५डी मार्क २ या फोटोच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओची सोय आली. मोठ्या सेन्सरचे, मागचा भाग धूसर करणारे चित्र तोवर फक्त सिनेमावाल्यांच्या मालकीचे होते. ते सुमारे २,७०० डॉलरच्या यंत्रात उतरले. ‘हाऊस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग २०१० मध्ये याच ५डीवर चित्रित झाला. मक्तेदारी मोडली ती तेव्हा. पुढे त्याच वाटेवर नवी उतरंड कशी उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

सोनीचा ए१ हा जानेवारी २०२१ चा कॅमेरा घ्या. जाहीर किंमत ६,५०० डॉलर, भारतात साडेपाच लाखांच्या वर. त्यात ५० मेगापिक्सेल आहेत आणि तो सेकंदाला ३० फोटो काढतो. उडता पक्षी वा धावता खेळाडू टिपणाऱ्याला हे वरदानच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु ४के व्हिडिओच्या एका चौकटीत बिंदू असतात सुमारे ८३ लाख. ८के धरले तरी तीन कोटी बत्तीस लाख. आणि जे लग्न शेवटी मावशीच्या मोबाईलवर पाहिले जायचे आहे, त्याला ८के हवे कशाला? म्हणजे व्हिडिओवाला येथे दुसऱ्याच्या गरजेचे पैसे भरतो. गंमत अशी की, त्याच कंपनीने २०२० मध्ये ६,००० डॉलरला एफएक्स६ हा निव्वळ व्हिडिओचा कॅमेरा आणला होता. त्यात थंड ठेवणारा पंखा आहे, पक्क्या माईकसाठी एक्सएलआर जोडणी आहे आणि आतच एनडी फिल्टर आहे.

हा एनडी फिल्टर म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण खरी मेख तेथे आहे. सेकंदाला २५ चौकटी घेताना हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटावी म्हणून शटर साधारण एक-पन्नासांश सेकंदावर ठेवतात. फोटोवाला उन्हात शटर हवे तेवढे जलद करून मोकळा होतो. व्हिडिओवाल्याला ती मुभा नाही. त्याला लेन्सपुढे काळी काचच धरावी लागते. लाखो रुपयांच्या दुहेरी कॅमेऱ्यात ती बहुधा नसते. मग माणूस सावली-उन्हाच्या प्रत्येक बदलाला काच फिरवत बसतो आणि समोरचा क्षण निघून जातो.

उष्णतेचे तसेच. कॅननने २०२० मध्ये आर५ काढला तेव्हा ८केची मर्यादा स्वतःच सांगितली: सुमारे वीस मिनिटे, तीही २३ अंश तापमानात. आता वैशाखातल्या चंद्रपूरला २३ अंश कोठून आणावयाचे? पुढे २०२२ मध्ये पंखा बसवून आर५ सी आला. पण त्यात हातातला कंप शोषणारी सेन्सरची सोय काढून टाकलेली होती. एक हाताने दिले, दुसऱ्याने घेतले.

अर्थात सर्वच उंची कॅमेऱ्यांना एका काठीने हाकणे अन्यायाचे होईल. निकॉनच्या झेड९ ने (२०२१) उष्णतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. त्याचा सेन्सर इतक्या झपाट्याने वाचला जातो की, कॅमेरा फिरविताना खांब फारसे तिरके होत नाहीत. हा व्हिडिओचाच लाभ आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र दोनच वर्षांत तोच सेन्सर झेड८ मध्ये, दीड हजार डॉलर कमी किमतीत मिळू लागला. ज्याने आधी कर्ज काढले, त्याचे हप्ते काही कमी झाले नाहीत.

विक्रेते ‘द क्रिएटर’चे (२०२३) उदाहरण देतात. सुमारे आठ कोटी डॉलरचा हा चित्रपट गॅरेथ एडवर्ड्स यांनी प्रामुख्याने सोनीच्या एफएक्स३ वर, म्हणजे सुमारे ३,९०० डॉलरच्या आणि अवघ्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर केला. या उदाहरणाचा अर्थ विक्रेते लावतात त्याच्या उलट आहे. पैसा तेथे माणसांवर, प्रकाशावर, लेन्सवर आणि नंतरच्या कामावर गेला. कॅमेरा त्या हिशेबात किरकोळ ठरला. आपल्याकडे कॅमेऱ्यातच सारा पैसा संपतो आणि बाकीचे उसने आणले जाते.

याचा परिणाम प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. आमच्या भागातील एका वृद्ध शाहिराची मुलाखत करावयाची ठरली. माझ्या परिचयाचा एक तरुण नवाकोरा कॅमेरा घेऊन आला. सोन्याची साखळी मोडून आणि उरलेल्याचे कर्ज करून त्याने तो घेतला होता. माईकला पैसे उरले नव्हते. “आवाज कॅमेऱ्यातच येतो की, सर,” तो म्हणाला. म्हातारा दोन तास बोलला, गायला. मागे पिठाची गिरणी चालू होती. आज ते चित्र लावले की शाहिराच्या पापणीचे केस मोजता येतात, भिंतीवरचा पोपडा दिसतो. तो गातो आहे हे ओठांवरून कळते. शब्द लागत नाहीत. पुन्हा बसू म्हणेपर्यंत पावसाळा आला आणि पावसाळ्यातच तो गेला. त्याची कवने वहीत नव्हती, त्याच्या तोंडातच होती.

त्या तरुणाला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ज्याला रोज फोटोही विकावयाचे आहेत आणि व्हिडिओही, ज्याच्याजवळ दोन यंत्रे वाहून नेणारा दुसरा माणूस नाही, त्याने दुहेरी कॅमेरा जरूर घ्यावा. पण मधल्या किमतीचा, शक्यतो वापरलेला. केवळ व्हिडिओ करणाऱ्यासाठी सोनीचाच एफएक्स३० हा २०२२ मध्ये १,८०० डॉलरला आलेला कॅमेरा आहे. त्यात पंखा आहे. ए१ आणि त्याच्यातल्या फरकात दोन चांगले माईक, ट्रायपॉड, दिवे आणि वर्षभराचा एसटीचा प्रवास बसतो.

तो तरुण आता माईक भाड्याने आणतो. गेल्या महिन्यात त्याने शाहिराच्या झिलकऱ्याला गाठले. म्हाताऱ्याची सहा-सात कवने त्याला अजून पाठ आहेत. मुलाखतीला जागा त्याने गिरणीपासून लांब निवडली.