धातू, ओतारी आणि शिल्पकाराची सही

दलित साहित्याने शब्दाची जात ओळखली. प्रमाणभाषा कोणाची, शिवी कोणाची, ओवी कोणाची आणि श्लोक कोणाचा, हे प्रश्न आपण विचारले आणि प्रस्थापित समीक्षेला त्यांची दखल घ्यावी लागली. परंतु दृश्यकलेच्या बाबतीत आपली समीक्षा अजून बोलायलाच लागलेली नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत पुतळा आहे, प्रत्येक मोर्चा पुतळ्यापासून निघतो, आणि तरी पुतळा कशाचा असतो, तो कसा होतो, कोणाच्या हातून होतो, याविषयी आपल्या नियतकालिकांत क्वचितच लिहिले गेले. मी शिल्पकलेचा विद्यार्थी म्हणून कांस्याचे ओतकाम शिकलो. त्या शिक्षणातून जे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले ते केवळ तंत्राचे नाहीत, म्हणून ते येथे मांडतो आहे.

धातू ही आपल्या समाजात कधीच निव्वळ वस्तू नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटकी भांडी वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. हा दंडक पोथीतच राहिला असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये गुजरातच्या अहमदाबाद जिल्ह्यातील झनू गावची घटना नोंदवली आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात तेथील बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. इंदूर भागातील बलाई समाजावर लादलेल्या बंधनांची यादीही त्याच ग्रंथात आहे. तीत स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत असे बंधन आहे. म्हणजे मातीचे गाडगे हे गरिबीमुळेच हाती होते असे नाही. ते हाती राहावे अशी व्यवस्था होती. मातीची वस्तू फुटते, तिचा माग राहत नाही. धातू टिकतो, वारशाने पुढच्या पिढीकडे जातो. ज्यांच्याजवळ काही टिकूच नये असे ठरवले गेले, त्यांच्या मुलाने कांस्य ओतायला शिकणे ही गोष्ट या इतिहासापासून वेगळी काढून पाहता येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. प्रदर्शनात उभे असलेले कांस्यशिल्प पाहणाऱ्याला ते शिल्पकाराने एकट्याने घडवले असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. आधी लोखंडी सांगाड्यावर शाडूत काम होते. त्यावर प्लॅस्टरचा साचा घेतात. साच्याच्या आतून मेणाचा थर देतात. त्या थराची जाडी तीच पुढे धातूची जाडी, साधारण चार-पाच मिलिमीटर. आत गाभा भरतात. मेण वितळल्यावर गाभा हलू नये म्हणून त्यात आरपार खिळे मारतात. मग मेणाच्या काड्या जोडून धातू आत जाण्याच्या आणि वायू बाहेर पडण्याच्या वाटा करतात. त्या सगळ्यावर विटांची भुकटी आणि प्लॅस्टर यांचे वेष्टन चढते आणि ते भट्टीत तापते. मेण निघून जाते, पोकळी उरते. मुशीत तांबे वितळते १०८५ अंशांवर. त्यात कथील घातले की कांस्य होते. हा रस पोकळीत ओततात. साच्यात थोडी जरी ओल राहिली तरी वाफ होऊन तापलेला रस उसळतो, आणि तो उसळला तर सर्वांत आधी भाजतो तो मूस धरणारा माणूस. धातू निवल्यावर वेष्टन फोडायचे, वाटा कापायच्या, भोके बुजवायची, छिन्नी-कानस चालवायची आणि शेवटी आम्लाने व ज्योतीने रंग आणायचा.

या साखळीत शाडूचे काम माझे होते. मेणाचे निम्मे माझे होते. मुशीचे, भट्टीचे आणि ओतण्याचे काम बाहेरून बोलावलेल्या मिस्त्रींचे होते. त्यांतील एक ओतारी घराण्यातला. रसाच्या रंगावरून तो ओतण्याची वेळ सांगे. त्याच्याजवळ उष्णतामापक नव्हता आणि त्याचे अडतही नव्हते. आमच्या शिक्षकांनी त्याची ओळख ‘मजूर’ अशी करून दिली. प्रदर्शनात माझ्या कामाखाली माझे एकट्याचे नाव लागले. हे माझ्या संस्थेपुरते आहे असे मी म्हणत नाही. ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे, म्हणूनच तिचा विचार केला पाहिजे.

काम वाटून घेण्याला माझा आक्षेप नाही. ओतकाम एकट्याने होत नाही. परंतु जात ही कामांची वाटणी एवढीच नसते, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे पाडून वरखाली मांडते, हे बाबासाहेबांचे विश्लेषण कलाशाळेच्या भट्टीपाशीही तंतोतंत लागू पडते. कल्पना करणारा वर, मूस धरणारा खाली. एकाला प्रतिभा, दुसऱ्याला मजुरी. या उतरंडीला पाश्चात्त्य कलाशिक्षणाने सहीचा अधिकार जोडून दिला इतकेच. उतरंड आपली घरचीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा याचाही हिशेब त्यात आहे. हा हिशेब राजाने भट्टीपाशी बसून शोधून काढला नसणार. ज्ञान ओतणाऱ्यांचे, ग्रंथ राजाचा. ओतारी अस्पृश्य नव्हता, तरी ग्रंथात त्याला नाव नाही. मूर्तीचा गाभा ज्याने घडवला, त्याचा गाभाऱ्यावर हक्क चालत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीतले याहून जुने उदाहरण दायमाबादचे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला, धातूच्या घटकांविषयीही झाला. पण इतका धातू एका ठिकाणी ओतणारे कारागीर कोण होते, त्यांचे समाजातले स्थान काय होते, हे प्रश्न त्या वादाच्या मध्यभागी आले नाहीत. वस्तूचे वय महत्त्वाचे ठरले, हाताचे नाही. आपल्या कला-इतिहासाची ही सवयच आहे.

या सवयीला छेद देणाऱ्या एका कलावंताचे नाव येथे घेतलेच पाहिजे. मीरा मुखर्जी (१९२३-१९९८) म्यूनिकमध्ये शिकून आल्या आणि नंतर बस्तरमध्ये गेल्या. तेथील घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून आकृती उभी करतात; ते दोरे धातूत जसेच्या तसे उतरतात. मीराबाईंनी ही पद्धत त्यांच्याजवळ बसून शिकून घेतली आणि भारतभरच्या धातुकारागिरांवर १९७८ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कलिंगच्या युद्धानंतरचा अशोक त्यांनी कांस्यात उभा केला. ज्याच्या धम्मचक्राला आपण राष्ट्रध्वजावर पाहतो त्या सम्राटाचा पश्चात्ताप आदिवासी कारागिरांच्या पद्धतीतून साकार व्हावा, ही मला फार अर्थपूर्ण घटना वाटते. पण ते शिल्प दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात उभे आहे, हेही विसरता येत नाही.

आणि एक प्रश्न मीराबाईंच्या संदर्भातही उरतोच. त्यांनी बस्तरची पद्धत स्वीकारली तेव्हा ती ‘आधुनिक शिल्पकला’ झाली. कोंडागावचे जयदेव बघेल (निधन २०१४) हे स्वतः घडवा. त्यांनी तीच पद्धत आयुष्यभर चालवली, त्यांना राष्ट्रीय सन्मानही मिळाले, परंतु ते हस्तशिल्पाच्या खात्यातले. मेण तेच, भट्टी तीच. खाते मात्र हात कोणाचा यावरून बदलते. यात मीराबाईंचा दोष नाही. त्यांनी कारागिरांचे ऋण उघडपणे मानले. दोष खाती पाडणाऱ्या समीक्षेचा आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. माणसाच्या आकाराचे एक डोके पोकळ ओतले तरी दहा ते पंधरा किलो धातू लागतो. त्यात मेण, भट्टीचे इंधन, मिस्त्रींची मजुरी मिळवा. शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहाच्या जेवणावर शिकणारा विद्यार्थी हा खर्च कोठून करणार? तो प्लॅस्टरवर थांबतो. त्याच्या वर्गबंधूचे काम कांस्यात जाते, त्याचे प्लॅस्टर दोन पावसाळ्यांत भुगा होते. पुढे कोणीतरी विचारतो, दलितांमधून शिल्पकार का आले नाहीत? आले होते, त्यांचे काम टिकले नाही. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज (१९०६-१९८०) या बांकुड्याच्या गरीब घरातल्या शिल्पकाराने ‘संथाल परिवार’ १९३८ मध्ये सिमेंट आणि खडीत उभा केला. स्वस्त साहित्यातून त्यांनी नवी भाषा घडवली, हे त्यांचे मोठेपण. परंतु प्रत्येक गरीब विद्यार्थ्याने रामकिंकर व्हावे आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी साधारण असूनही कांस्यात टिकून राहावे, हा न्याय नव्हे.

आता आपल्या पुतळ्यांविषयी. माझ्या विद्यार्थिदशेत एका शिक्षकाने वस्त्यांतील निळ्या कोटाच्या पुतळ्यांबद्दल म्हटले होते, ‘ते शिल्प नाही, ती नुसती खूण आहे.’ वर्गात हशा झाला. मी या वाक्यावर बराच विचार केला आहे. खूण आहे हे खरेच. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा उभा राहिला. तेव्हापासून गावोगाव ही खूण उभी राहत गेली. ‘येथे आम्ही राहतो आणि आम्ही माणसे आहोत’ असे ती सांगते. या खुणेची किंमत लोकांनी प्राणांनी मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मारले गेले. ज्या आकृतीसाठी माणसे मरतात तिला सौंदर्यशास्त्रात जागा नसेल तर ते सौंदर्यशास्त्र अपुरे आहे.

पण एवढे म्हणून आपण सुटत नाही. समोर पसरलेला हात आणि रोखलेले बोट ही मुद्रा मुळात धातूची आहे. कांस्य ताण सोसते, म्हणून हात मोकळा पसरता येतो. दगडात तो तुटेल. सिमेंटमध्ये आत लोखंडी सळई घालावी लागते. पावसाचे पाणी झिरपले की सळई गंजून फुगते आणि सिमेंट तडकते. सकाळी बोट गळून पडलेले दिसते आणि वस्तीत संतापाची लाट येते. कित्येकदा विटंबना खरीच असते. कधी ती सळई असते. हा फरक ओळखण्यासाठी तरी कार्यकर्त्याला साहित्याचे ज्ञान हवे. आणि कोटाचा तो निळा रंग कांस्यात सहज येत नाही. तेथे कोटाचा अर्थ घड्यांतून, खांद्याच्या ताठपणातून, पुस्तक धरलेल्या हाताच्या पकडीतून आणावा लागतो. आपल्या किती पुतळा समित्यांनी शिल्पकाराशी या गोष्टींवर चर्चा केली? उंची किती फूट, एवढाच प्रश्न बहुतेक वेळा विचारला जातो.

उंचीच्या या वेडाने राज्यसंस्थेचे फावले आहे. संसदेच्या आवारातला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा कांस्यपुतळा २ एप्रिल १९६७ रोजी अनावृत झाला. तो आंबेडकर स्मारक समितीने दिलेला, म्हणजे समाजाकडून आलेला. २०२४ साली तो त्याच्या जागेवरून हलवण्यात आला. समाजाने दिलेली खूण कोठे उभी राहावी हे समाजाला विचारले गेले नाही. उलट हैदराबादेत २०२३ साली सरकारने १२५ फुटांचा पुतळा उभारला. गुजरातेत सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा २०१८ साली झाला आणि त्याचे कांस्याचे पत्रे चीनमधून ओतून आणले. बस्तरच्या आणि स्वामीमलईच्या ओतकामाचा गौरव करणाऱ्या देशात हे घडले. पुतळा जितका उंच तितका तो ओतणारा माणूस दिसेनासा होतो, आणि खाली उभा राहणारा कार्यकर्ताही लहान होतो.

मग आपल्या विद्यार्थ्याने कांस्यात काय ओतावे? मी एक गाडगे ओतले होते, गळ्यात अडकवण्याच्या दोरीसकट. पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याची प्रतिमा सवि सावरकरांनी मुद्राचित्रांतून आणली आहे. मला तिचे वजन हवे होते. फुटणारी वस्तू न फुटणारी करावी, हा हेतू. यात एक धोका आहे आणि तो सांगितला पाहिजे. कांस्य सगळ्यालाच झळाळी देते. अपमानाची वस्तू दिवाणखान्यातली शोभा होऊ शकते. म्हणून मी तिला चकाकी दिली नाही, कानस लावली नाही. ओतण्याच्या वाटांचे कापलेले बुंधे तसेच ठेवले. ती ओतली गेली आहे आणि कोणीतरी ओतली आहे, हे दिसले पाहिजे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. चौथऱ्यावर शिल्पकाराच्या आणि उद्घाटकाच्या नावाबरोबर ओतणाऱ्यांची नावे कोरली जावीत. याची सुरुवात आपल्या समित्यांनी करावी, सरकारची वाट पाहू नये. कलाशाळेत ओतारी, घडवा, तांबट यांना मजूर म्हणून बोलावू नये, शिक्षक म्हणून बोलवावे. शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्याला पदवीच्या कामासाठी धातू संस्थेने द्यावा. आणि आपल्या समीक्षेने कविता वाचावी तसा पुतळा वाचायला शिकावे: साहित्य कोणते, हात कोणाचे, पैसा कोणाचा, जागा कोणाची. झनूच्या त्या स्त्रियांनी धातूचे भांडे उचलले तेव्हा हे सर्व प्रश्न त्यांनी उचलले होते. आपल्याला ते अजून खाली ठेवता येत नाहीत.