पानकरस आणि त्याची छबी

मद्याचें मिश्रण घरीं करावें आणि ओठांस लावण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, ही चाल अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत शिरली आहे. तिला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांत आमची गणना करूं नये. मिश्रपेय ही कांहीं साहेबांची मिरास नव्हे. 'पंच' हें नांव पांच पदार्थांवरून, आपल्याकडील संख्यावाचक शब्दानें पडलें, असें जॉन फ्रायर यानें 1698 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे. साहित्यशास्त्रावर तर पेयाचें ऋणच आहे. रसाचा आस्वाद समजावतांना मम्मटानें दृष्टांत घेतला तो पानकरसाचा: साखर, मिरीं इत्यादि निरनिराळीं न लागतां एकच अपूर्व चव लागते, तसे विभावादि रसांत एकजीव होतात. आपलें पन्हें तें याच पानकाचें वंशज. तेव्हां ज्या कसोटीवर काव्य पारखावें, तिच्यावर पेला पारखण्यास हरकत नसावी.

गेल्या वैशाखांत आमचे धाकटे चिरंजीव रत्नागिरीस आले असतां त्यांनीं जिन, घरचें अमृतकोकम, लिंबू व आलें यांचें मिश्रण केलें. पेला पडवीच्या जांभ्याच्या कठड्यावर ठेवला आणि मावळतीचें ऊन त्यांतून आरपार जाईल अशी योजना केली. छायाचित्र खरोखर उत्तम आलें: तळाशीं माणकाचा गडद रंग, कांठाशीं फिकट गुलाबी. बर्फ मात्र तोंवर विरघळला. धंदेवाईक छायाचित्रकार याकरितां ॲक्रिलिकचे खडे घालतात आणि पेल्यावरचें दंव ग्लिसरिनच्या फवाऱ्यानें आणतात. पण तेथें पेय पिण्यासाठीं नसतेंच.

आमचा आक्षेप बर्फाविषयीं नाहीं. आमच्या सौभाग्यवती मद्य घेत नाहींत, त्यांनीं नुसता पेला पाहूनच विचारलें, "अरे, ह्यांत जिरें नाहीं का घातलेंस?" चिरंजीव म्हणाले, "आई, जिऱ्यानें रंग गढूळ होतो, तळाशीं गाळ बसतो. फोटो बिघडतो." मीठही राहून गेलें होतें. सगळें मर्म येथें आहे. जिनला जुनिपरचा वास, कोकम आंबट, पाक गोड. या तिघांना बांधणारें जें खमंग व खारट, तेंच डोळ्यांसाठीं वगळलें गेलें. आम्हीं घोट घेतला तों प्रत्येक चव वेगळी उभी. सामग्री शेजारीं शेजारीं मांडली गेली, पानकरस झाला नाहीं. (आमच्या कांहीं तरुण कवींच्या कवितांचा येथें आठव झाला, पण तो विषय निराळा.)

रंगाशीं आमचें वैर नाहीं. सोलकढीचा गुलाबी रंग भूक चाळवतोच. पण तो आगळ आणि नारळाचें दूध एकत्र आल्यानें आपोआप येतो. त्याच्यासाठीं कोणी लसूण वगळल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्या संध्याकाळच्या चित्रांत एक चुकून निघालेलें होतें. घरच्या सरबताचा अर्धा प्यालेला पेला, तळाशीं जिऱ्याचा थर, कांठावर ओठांची ओलसर खूण. प्रकाशही धड नव्हता. तें पाहतांच आमच्या तोंडास पाणी सुटलें. चिरंजीव तें पुसून टाकणार होते. आम्हीं मागून घेतलें.