क्षमा कुणी करायची? मेल्व्हिलच्या युद्धकवितेविषयी

हर्मन मेल्व्हिल आपल्याकडे ओळखला जातो तो ‘मॉबी डिक’ या कादंबरीमुळे. त्याचा ‘बॅटल-पीसेस’ हा काव्यसंग्रह त्याच्या स्वदेशातही त्या काळी फारसा वाचला गेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले, सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. पुढच्याच वर्षी हा संग्रह प्रसिद्ध झाला. पराभूत दक्षिणेला शासन करावे की सौम्यतेने पुन्हा जवळ घ्यावे, हा त्या वेळचा ज्वलंत प्रश्न होता. मेल्व्हिल उत्तरेचा, तरीही त्याने सौम्यतेचा पक्ष घेतला. केवळ कवितांनी त्याचे समाधान झाले नाही. संग्रहाअखेर एक गद्य पुरवणी जोडून त्याने आपल्या विजयी देशबांधवांना संयमाची विनंती केली.

या विनंतीमागील कळकळ अस्सल आहे. अध्यक्ष लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ रोजी, शुभ शुक्रवारी, गोळी झाडण्यात आली. ‘द मार्टर’ या कवितेत कवी त्या दिवसाचे पावित्र्य विसरत नाही. क्षमाशील पुरुष गेला आणि शोकाकुल जनतेच्या मनात सूड जागा झाला, हे पाहून तो भयभीत होतो.

‘ली इन द कॅपिटॉल’ ही कविता याहून धीट आहे. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांना १८६६ च्या फेब्रुवारीत काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीस बोलावण्यात आले. आणखी काही सांगायचे असल्यास मोकळेपणी सांगावे, असे समितीने सुचविले. त्या संधीचा लाभ ली यांनी घेतला नाही. कवितेत मात्र ते अंतःकरण उघडे करून बोलतात. हे स्वातंत्र्य आपण घेतल्याचे कवीने टिपेत प्रांजळपणे नोंदविले आहे.

याच संग्रहात ‘फॉर्मर्ली अ स्लेव्ह’ ही छोटी कविता आहे. एलिहू व्हेडर या चित्रकाराने रंगविलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीचा चेहरा हा तिचा विषय. स्वतःला मुक्ती फार उशिरा लाभली, पण नातवंडांना सुख मिळेल, या विचाराने ती शांत आहे. कविता हृद्य आहे. पण ती स्त्री एक शब्दही बोलत नाही. जे सेनापती प्रत्यक्षात गप्प राहिले त्यांना कवीने वाणी दिली आणि जिने सोसले तिला केवळ चेहरा दिला.

संग्रहाचे मर्यादास्थान हेच. पुरवणीत मुक्त गुलामांविषयी सहानुभूती आहे. परंतु त्यांच्या काळजीपोटी, आपल्याला अधिक निकटच्या असलेल्या दक्षिणेतील गोऱ्या समाजाविषयीचा जिव्हाळा कमी होऊ नये, असेही तेथे बजावले आहे. क्षमा करणारे आणि क्षमा लाभणारे, दोघेही गोरेच. अपराध ज्यांच्याविरुद्ध घडला, त्यांना कुणी विचारलेच नाही.

पुढे सौम्यतेचाच विजय झाला. युद्धानंतर देशद्रोहासाठी एकाही बंडखोर नेत्याला फाशी झाली नाही. बंडखोरांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस दोन वर्षांच्या कैदेनंतर जामिनावर सुटले व त्यांच्यावरील खटला कधी चाललाच नाही. त्यांना फाशी दिल्याने कुणाचे भले झाले असते असे नव्हे. पण संग्रह निघाला त्याच वर्षी मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीयांची हत्याकांडे झाली. १८७७ साली संघराज्याच्या सैन्याने त्यांच्यावरील संरक्षणाचा हात काढून घेतला आणि पुढे त्यांचा मताधिकारही हिरावला गेला. गोऱ्यांच्या समेटाची किंमत त्यांनी मोजली.

तरीही हा संग्रह अवश्य वाचावा. सूडाला विरोध करणारा विजेत्या पक्षातील कवी विरळाच. मात्र पुरवणी वाचून झाल्यावर त्या वृद्धेच्या कवितेकडे पुन्हा वळावे आणि ती काय बोलली असती, याचा विचार करावा.