भागधारकांचा भाग कोणता?

समुद्र-निरीक्षणावरचा कोणताही अहवाल उघडा, त्यात ‘भागधारक’ हा शब्द हमखास भेटतो. मच्छीमार, बंदरे, पर्यटन व्यावसायिक, सगळे भागधारक. मराठीत भागधारक म्हणजे ज्याचा वाटा आहे आणि जो हिशेब मागू शकतो तो. मच्छीमाराचा वाटा नेमका कोणता, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.

मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतो. इथल्या मुलांना समुद्र दिसतो तो सहलीत. पण याच शहराच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे आहेत. तिथला बोंबील आणि जवळा डोल जाळ्यात सापडतो. हे जाळे म्हणजे शेपटाकडे निमुळती होत गेलेली लांबलचक पिशवी. ती समुद्रात एका जागी बांधून ठेवतात; भरती-ओहोटीचा प्रवाह तिच्या तोंडात शिरतो आणि मासळी आणतो. बोट मासळीमागे धावत नाही. हा फरक लक्षात ठेवू या.

हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र १९९९ साली स्थापन झाले. मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, याचे संदेश ते किनाऱ्याकिनाऱ्याला पाठवते. उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान आणि रंग टिपतो. रंगावरून हरितद्रव्याचा, म्हणजे वनस्पती-प्लवकांचा अंदाज बांधतात. थंड आणि उबदार पाणी जिथे भिडते तिथे बहुधा प्लवक वाढतात, त्यांच्यामागे मासे येतात. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली कळली की शोधाशोधीचे डिझेल वाचते. काम मोलाचे आहे, यात शंका नाही.

पण हा संदेश बोट वळवू शकणाऱ्याच्या उपयोगाचा. डोलवाल्याने तो ऐकून काय करायचे? शिवाय उपग्रहाला वरचाच थर दिसतो आणि ढग आले की तोही दिसत नाही. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर गाळामुळे हरितद्रव्याचा अंदाजच चुकतो, आणि बोंबील मिळतो तो अशाच गढूळ पाण्यात. एकदा उत्तनच्या धक्क्यावर मी हे उपग्रहपुराण सांगत होतो. एका वयस्क नाखवांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, येत्या उधाणाला तळाशी पाण्याला ओढ किती असेल, ते सांगता येईल का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तराची अर्धी सामग्री त्यांच्याकडेच होती. कोणत्या भरतीला जाळे किती वाव पाण्यात होते, पाण्याचा रंग कसा होता, जाळ्यात मासळी किती आणि प्लास्टिक किती, हे ते रोज पाहतात. ते लिहून घेण्याची सोय कुणी केलेली नाही. मच्छीमाराला विचारायचे ते एवढेच, की आमच्या संदेशाने मासळी मिळाली का?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मॉरी याने याहून चांगला सौदा केला होता. जो कप्तान आपल्या प्रवासातील वारे आणि प्रवाह यांच्या नोंदी पाठवील, त्याला त्या नोंदींवरून केलेले नकाशे फुकट. प्रवासाचे दिवस घटले, कप्तान आपणहून लिहू लागले. १८५३ साली ब्रुसेल्सला परिषद भरली, ती अशा नोंदी सर्व देशांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात म्हणून.

असा सौदा नसेल तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. खोल समुद्रात नांगरलेल्या निरीक्षण-तरंड्यांखाली मासे जमतात, म्हणून बोटी त्यांना दोर बांधतात आणि उपकरणे मोडतात. मग ‘जनजागृती’ करावी लागते. तरंडा आपल्यासाठी काय मोजतो, हे ज्याला कधी सांगितलेच नाही, त्याला तो मासे जमवणारा ओंडकाच वाटणार!

आमच्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो. तिथून झिरपणारे घाण पाणी शेतात आणि समुद्रात उतरते, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. अशा तक्रारीला पहिला प्रश्न येतो तो “आकडे आहेत का?” हा. वीस वर्षांच्या नोंदवह्या असत्या, तर प्रश्न विचारणाऱ्यालाच त्या वाचाव्या लागल्या असत्या.

अशा आकड्यांवर भरवसा कसा ठेवावा, असे शिक्षक विचारतील, आणि ते रास्त आहे. एकच तापमापक, धक्क्यावरची एकच जागा, भरतीची तीच अवस्था. सोबत दोरीला बांधलेली पांढरी तबकडी, ती किती खोलीवर दिसेनाशी होते याची नोंद. ही तबकडी इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली होती. जाळी नेमकी कुठे लावतात हे नाखवांना विचारू नये. ते त्यांचे व्यापारी गुपित आहे. वहीची एक प्रत शाळेत आणि एक मच्छीमार सोसायटीत असावी, आणि पुढच्या वर्षी काय मोजायचे हे दोघांनी मिळून ठरवावे.